कागदाची तहान

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की दौलताबादचा किल्ला मागे पडतो, घाट लागतो आणि खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा येतं. लेणी गाठायच्या घाईत बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. मी दर दिवाळीआधी थांबते, शुभेच्छापत्रांसाठी हातकागद घ्यायला.

पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने पणतीचा ठसा कोरला, दुकानातलं निळ्या शाईचं पॅड घेतलं आणि दाबला. पणती उमटली, पण तिला चहूबाजूंनी केसाळ मुळं फुटली. मी ठसा पुन्हा कोरला. पुन्हा तेच. दोष ठशात नव्हताच. कागद तहानलेला होता.

हातकागद म्हणजे सुती चिंध्यांचा लगदा. त्यातल्या तंतूंमधल्या बारीक पोकळ्या पाणी ओढून घेतात. ही तहान भागवायला जुने कारागीर कागदाला पिठाची खळ देत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणत. बोरूने लिहायचं तर याला पर्यायच नव्हता. खळ कमी पडली तर शाई फुटणार, घोटाई कमी पडली तर बोरूचं टोक तंतूंत अडकणार. आज पिशव्या, आकाशकंदील किंवा फुलांच्या पाकळ्या घातलेल्या शोभेच्या कागदाला एवढ्या घोटाईची गरज नसते. ठसे उमटवणाऱ्याची अडचण तिथेच सुरू होते.

या गावाचा वारसा लिहिण्याच्या कागदाचा आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिला दौलताबाद म्हटलं. त्या काफिल्याबरोबर कागद करणारे इथे आले, असं गावात सांगतात. राजधानी परत गेली, पण कागद राहिला. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, हौदातल्या पातळ लगद्यात गवती चटईचा साचा बुडवून अलगद वर उचलायचा, ओला ताव गुळगुळीत भिंतीला चिकटवून वाळवायचा, ही जुनी रीत. भिंतीला लागलेली बाजू सपाट निघे आणि वरची खरबरीत राही. ताव हातात आला की आजही मी आधी दोन्ही बाजूंवरून बोट फिरवते आणि गुळगुळीत लागेल ती बाजू ठशासाठी ठेवते.

मग घरीच खळ करू लागले. तांदळाचं पीठ भरपूर पाण्यात शिजवून, गाळून, पातळ हात द्यायचा. सावलीत वाळवून पैठणच्या गोदापात्रात सापडलेल्या गोट्याने घोटायचं. मनगट दुखतं, पण पणतीची मुळं नाहीशी होतात.

शाईचीही एक बाजू आहे. पॅडमधली साधी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, म्हणून पाणी जाईल तिकडे तोही जातो. काजळाच्या शाईत रंग विरघळलेला नसतो. काजळीचे कण पाण्यात तरंगत असतात आणि बाभळीचा डिंक त्यांना कागदावर धरून ठेवतो. मी वाटीत काजळी आणि डिंकाचं पाणी घेऊन तासभर घोटते आणि लोकरी कापडाच्या तुकड्यावर पसरून त्याचंच पॅड करते. डिंक जास्त झाला तर ठसा कागदाला चिकटतो, कमी झाला तर वाळल्यावर काळं बोटाला येतं. प्रमाण हातालाच कळतं.

ठसा कोरताना मला छत्रपती संभाजीनगरच्या इतिहासाचा उपयोग झाला. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचं औरंगजेबाने औरंगाबाद केलं, तेव्हापासून हे दख्खनमधलं मोगली कारभाराचं ठाणं झालं. त्या दफ्तरांतल्या फारसी मोहरा पाहिल्या तर बहुतेकदा जमीन काळी आणि अक्षरं कागदाच्या रंगाची दिसतात, कारण अक्षरं धातूत खोल कोरलेली असत. मराठी कारभारात कागदाच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे खाली कुणाला ओळ वाढवता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथला.

खोडरबरावर ‘शुभ दीपावली’ कोरताना आधी मी अक्षरं उठावदार ठेवून भोवतालचं रबर काढत होते. ‘भ’ची गाठ दर वेळी तुटायची. मोहरेची रीत धरली, अक्षरंच खोल कोरली आणि काम निम्म्यावर आलं. आरशातल्यासारखं उलटं मात्र लिहायलाच हवं. शाईही बेताची हवी, नाहीतर अक्षरं भरून जातात.

मुलांना मी भेंडीचा काप देते, एका दाबात फूल. पण त्यांना सर्वात आवडतो तो हळदीचा खेळ. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवायचा आणि चुन्याच्या निवळीत बुडवलेला ठसा मोठ्यांनी त्यावर दाबायचा. पिवळ्यावर तांबडं फूल उमलतं. कुंकवाचीच ही किमया, मात्र रंग फार दिवस टिकत नाही.

मोठ्यांसाठी हिरडा. हिरड्याच्या काढ्याने उमटवलेला ठसा फिकट, जेमतेम दिसणारा. तो वाळल्यावर हिराकसाचं पातळ पाणी कुंचल्याने फिरवलं की डोळ्यांदेखत तो काळा होत जातो. हिरड्यातला तुरटपणा आणि हिराकसातलं लोह यांचा हा संयोग. हीच शाई जुन्या पोथ्यांचा कागदही खाते, म्हणून ज्या पत्रावर आजीचं नाव असतं त्यावर मी काजळच वापरते.