पंच्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे पंच्याण्णव टक्के नव्हेत

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी एक वाक्य कानावर येतंच. "बारावीला बासष्ट आणि सीईटीला चौऱ्याण्णव! बघा, बोर्डानं पोराला कसं मारलं ते." बोलणारे कधी काका असतात, कधी शेजारी, आणि कधी चक्क शिक्षक. दुसऱ्या एखाद्या घरात नेमकं उलटं चाललेलं असतं. "दहावीला ब्याण्णव होते हो. सीईटीला एकाहत्तरच पडले. अकरावीत मोबाइल हातात दिला आणि घात झाला." एका घरी पेढे, दुसऱ्या घरी सुतक, आणि हिशेब दोन्हीकडे चुकलेला. बोर्डाचे बासष्ट हे टक्के आहेत. सीईटीचे चौऱ्याण्णव टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहेत. एकातून दुसरा वजा करून बोर्डाचा अन्याय किंवा मोबाइलचा दोष काढता येत नाही.

टक्के सांगतात पेपर किती सुटला. पर्सेंटाइल सांगतो, पेपर देणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही कुठे उभे आहात. राज्याच्या सीईटी कक्षानं ही पद्धत जाहीर केलेली आहे आणि जेईई मेनसाठी राष्ट्रीय परीक्षा संस्थाही (एनटीए) हीच वापरते. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे जितके, त्यांना त्या शिफ्टला बसलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभरानं गुणायचं. बस्स. पेपर किती गुणांचा होता हे या सूत्रात कुठेच येत नाही. समजा, एका शिफ्टला २८,००० मुलं बसली. एका मुलीला २०० पैकी १०४ गुण मिळाले, आणि तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण मिळवणारी मुलं २६,६०० आहेत. तिचा पर्सेंटाइल ९५. टक्के काढायचेच असतील तर ५२. बारावीच्या बासष्ट टक्क्यांशी तुलना करायची हौसच असेल तर ती या बावन्नांशी करा. तीही ओढूनताणूनच होईल, कारण दोन पेपरांची काठिण्यपातळी वेगळी.

इतकं सांगूनही "पण थोडंफार सारखंच असणार ना?" असं विचारणारे भेटतातच. त्यांच्यासाठी नीटचे आकडे पुरेत. खुल्या गटातल्या उमेदवाराला नीट-यूजीत पात्र ठरायला ५० पर्सेंटाइल लागतो. २०२२ साली या ५० पर्सेंटाइलचे गुण होते ७२० पैकी ११७, म्हणजे सव्वासोळा टक्के. २०२४ साली त्याच ५० पर्सेंटाइलला सुधारित निकालात १६२ गुण लागले, म्हणजे साडेबावीस टक्के. पर्सेंटाइल जागचा हलला नाही, गुण मात्र ४५ नी वर गेले. थोडंफार सारखं म्हणायला इथे आहे तरी काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, तेव्हा "शून्य गुणांचे डॉक्टर" म्हणून केवढा गहजब झाला. निर्णयावर टीका जरूर करावी, पण आधी तो समजून घ्यावा. शून्य पर्सेंटाइलची अट म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण समुपदेशनाला पात्र. निगेटिव्ह मार्किंग असलेल्या परीक्षेत शेवटच्या उमेदवाराचे गुण शून्याच्याही खाली असू शकतात. म्हणजे खरी गोष्ट मथळ्यापेक्षाही वाईट होती, आणि मथळा देणाऱ्यांना तिचा पत्ताच नव्हता.

वरच्या टोकालाही हाच घोटाळा होतो. २०२५ च्या सीईटीत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात २२ जणांना १०० पर्सेंटाइल मिळाला, आणि त्यांना पैकीच्या पैकी पडले असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. प्रत्येक शिफ्टमधला पहिला येणारा, त्याचे गुण १९५ असोत की १७०, सूत्रानुसार १०० पर्सेंटाइलचाच धनी होतो. पहिल्या जागी बरोबरी झाली तर दोघंही. हुशारीबद्दल शंका नाही, पण या आकड्यावरून त्यांनी किती प्रश्न सोडवले हे कुणालाच सांगता येणार नाही.

हा घोळ पेढ्यांपुरता राहिला असता तर मी गप्प बसलो असतो. तो केंद्रीय प्रवेशफेरीच्या, म्हणजे कॅप राऊंडच्या, ऑप्शन फॉर्मपर्यंत पोचतो, तिथे महागात पडतो. "मागच्या वर्षी अमुक कॉलेज ९६ ला बंद झालं, आमच्या मुलीला ९६.२ आहेत, म्हणजे मिळालंच" असं धरून चार कॉलेजं भरायची आणि पहिल्या राऊंडनंतर डोक्याला हात लावायचा. २०२४ साली पीसीएमची परीक्षा जवळपास २ लाख ९५ हजार मुलांनी दिली, २०२५ साली सुमारे ४ लाख २२ हजारांनी. ९६ पर्सेंटाइलच्या पुढे चार टक्के मुलं असतात. पहिल्या वर्षी ती साधारण ११,८०० होतात, दुसऱ्या वर्षी १६,९००. आकडा तोच, आणि पुढे उभी असलेली मुलं पाच हजारांनी जास्त. जागा त्या प्रमाणात वाढल्या का, हे शाखा आणि कॉलेज बघूनच कळतं. म्हणून मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना पर्सेंटाइलच्या शेजारी मेरिट नंबर छापलेला असतो, तो आधी वाचा. प्रवेश त्या नंबरावर ठरतो.

"९० चे ९५ केले, आता ९९ काय लांब आहे?" असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मधल्या गुणांवर मुलांची दाटी असते, तिथे दोन-चार गुण वाढले तरी पर्सेंटाइल झपकन वर जातो. वरच्या टोकाला मुलं विरळ होत जातात आणि एकेका पर्सेंटाइलसाठी कितीतरी जास्त गुण मोजावे लागतात. पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये संगणक शाखा मागणाऱ्यांची झटापट तर दशांश चिन्हाच्या उजवीकडेच चालते. त्या दशांशांबद्दलही एक सांगून टाकतो. निकालपत्रावर सात दशांश स्थळं असतात ती बरोबरी टाळण्यासाठी. २८,००० च्या शिफ्टमध्ये एका मुलाचं वजन असतं ०.००३५७. दुसऱ्या येणाऱ्याला ९९.९९६४ मिळतात, त्यापुढचे आकडे भागाकारातून आपोआप गळतात. सातव्या दशांशात कुणाची बुद्धिमत्ता दडलेली नसते.

तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून "एकूण चुकीचा दिलाय" अशी तक्रार करणारेही असतात. एकूण पर्सेंटाइल सरासरीनं काढतच नाहीत. तिन्ही विषयांचे मूळ गुण मिळवून त्या बेरजेवर तो नव्यानं काढतात. तिन्ही विषयांत सारखी चांगली असलेली मुलं कमी असतात, म्हणून अशा मुलाचा एकूण पर्सेंटाइल सरासरीच्या वर जातो. कुणी उदार होऊन वाढवलेला नसतो.

दुसरी मोठी कुरकुर शिफ्टच्या नशिबाची. "सकाळचा पेपर सोपा होता, आमचा अवघड, आम्ही मेलो." पेपर अवघड असेल तर तो तुमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच अवघड गेला, आणि तुमची तुलना फक्त त्यांच्याशी होते. सोप्या शिफ्टमध्ये १२० गुणांना मिळणारा पर्सेंटाइल अवघड शिफ्टमध्ये १०५ ला मिळू शकतो. त्यामुळे "इतके गुण म्हणजे इतका पर्सेंटाइल" सांगणारे यूट्यूबवरचे तक्ते बघून रात्र जागवू नका. या पद्धतीचं एक गृहीतक मात्र आहे, ते लपवायचं कारण नाही. मुलं शिफ्टमध्ये कसलाही क्रम न लावता वाटलेली असावीत आणि प्रत्येक गट मोठा असावा. हुशार मुलं एकाच शिफ्टमध्ये गोळा झाली तर सूत्राला ते कळणार नाही. हजारोंच्या गटात तसं होण्याची शक्यता फार कमी, पण शून्य नव्हे. पेपरच चुकीचा निघाला तर मात्र कुठलंच सूत्र कामाचं नाही. २७ एप्रिल २०२५ च्या शिफ्टमध्ये गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या, तेव्हा त्या मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. राग यायचा तर तो अशा गोष्टींचा यावा.

बाकीचे गैरसमज एकेका दमात.

"बारावीचे गुण आता कचऱ्यात." नाही, राज्यात इंजिनिअरिंगला ठरावीक विषयांत ४५ टक्के लागतात, राखीव गटांना ४०, आणि एनआयटीसाठी ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के.

"अकरावी सोडली तरी चालते." सीईटीत अकरावीचा भार सुमारे २० टक्के, म्हणजे पीसीएममध्ये २०० पैकी ४० गुण. सोडायचे तर खुशाल सोडा.

"नक्की येत नसेल तर प्रश्न कोरा सोडावा." सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे निव्वळ आळस. जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला चार आणि चुकीला उणे एक. चार पर्यायांच्या चार प्रश्नांत डोळे मिटून खूण केली तर सरासरीनं एक बरोबर येतो, तीन चुकतात, आणि हातात अधिक एक उरतो. एखादा पर्याय खात्रीनं बाद करता आला तर फायदा आणखी वाढतो. अंदाज करायचा तो असा हिशेबानं.

"चौकातल्या फ्लेक्सवरचे सगळे ९९ वाले त्या क्लासचे." ९९ एकूणात आहे की एकाच विषयात, मुलगा दोन वर्षं तिथे शिकला की फक्त टेस्ट सिरीजला आला, हे फ्लेक्सवर शोधून बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापताना त्यानं कुठला कोर्स केला हे सांगणं बंधनकारक आहे. किती फ्लेक्सवर ते दिसतं, हे तुम्हीच मोजा.

आणि शेवटी "जगभर या परीक्षा बंद होतायत, आपणच धरून बसलोय." अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठानं एसएटी सोडली हे खरं. पण एमआयटीनं २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन आणि हार्वर्डही त्या वाटेनं परतले. आपल्याकडे तमिळनाडूनं इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा २००७ पासून बंद करून बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले आणि ते अजून चालू आहेत. दोन्ही बाजूंना उदाहरणं आहेत, वाद खरा आहे, खेड्यातल्या मुलाला क्लासची फी परवडत नाही हा त्यातला मुद्दाही खरा. पण "परीक्षा काढा, बारावी धरा" म्हणणाऱ्यांनी पुढच्या प्रश्नाचंही उत्तर द्यावं. राज्य मंडळाचे ८५, सीबीएसईचे ८५ आणि आयएससीचे ८५ एका यादीत कसे बसवायचे? २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या यादीत बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होतं, तेव्हा हा प्रश्न आलाच. प्रत्येक बोर्डातल्या मुलांचा पर्सेंटाइल काढून तो सोडवला गेला, आणि २०१७ पासून ते वजनच काढून टाकण्यात आलं.