चिलटाला माफ करा, चोर वेगळाच आहे!

मे महिना. बोरिवलीच्या घरी हापूसची पेटी उघडलीय. ओट्यावर काळ्या पडलेल्या केळ्यांभोवती चिलटं भिरभिरताहेत. तुम्ही आंबा कापता, तर आत पांढऱ्या अळ्या! आई लगेच निकाल देते, "या चिलटांनीच घाण केली." पण थांबा, चोर वेगळाच आहे.

सगळा घोळ नावाचा. झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण जिला 'फ्रूट फ्लाय' म्हणतो ती ड्रॉसोफिला, म्हणजे हेच चिलट. कोकणातले बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. दोघींची कुळंही वेगळी.

चिलट जेमतेम तीन मिलिमीटरचं, डोळे लालभडक. फळ पिकून आंबायला लागलं की ते येतं, कारण त्याला यीस्ट हवं असतं. म्हणजे आधी फळ बिघडतं, मग चिलट येतं. फळमाशी त्याच्या दुपटीहून मोठी. तिची मादी टोकदार सुईसारख्या अवयवाने चांगल्या, पिकत आलेल्या फळाची साल टोचते आणि आत अंडी घालते. बाहेर बारीक टिपका, आत अळ्या. इथे आधी माशी, मग नासाडी.

आता दोघींची कामगिरी बघा. १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या एका चिलटामुळे थॉमस मॉर्गनला आनुवंशिकतेचं मोठं कोडं सुटलं. १९३३ चं नोबेल त्याला मिळालं. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास आणि चव कशी कळते, हे चिलटांवरच अभ्यासलं. आणि फळमाशी? तिच्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं. बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण ऐन हंगाम हातचा गेला तो गेलाच.

म्हणून उपायही वेगळे. चिलटं नकोत तर केळी झाकून ठेवा, ओला कचरा रोज बाहेर काढा. बागेत फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतात. त्या वासावर नर येतात. तुळशीतही हाच घटक असतो, बरं का! आणि अळ्यांचा आंबा सोसायटीच्या झाडाखाली फेकू नका. अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि नव्या माश्या बाहेर पडतात. पिशवीत घट्ट बांधून दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा, मगच टाका.

पुढच्या वेळी 'फळमाशी' ऐकलंत की आधी विचारा, कुठली?