चढावर गाडी का थांबते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या जांभ्याच्या चढावर भाच्याची मोटारसायकल तिसऱ्या गिअरमध्ये बंद पडली आणि मागे घसरली. मागे बसलेली माझी बहीण पडली. घोटा मुरगळण्यावर निभावलं. "मामू, गाडीत ताकद तर भरपूर आहे!" भाचा म्हणाला. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गॅरेजात बसून हे कोडं समजून घेतलं.

उदाहरणार्थ, 2016 साली आलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 घ्या. तिची कमाल शक्ती साधारण 24 अश्वशक्ती होती, पण ती इंजिनाने मिनिटाला 6500 फेरे घेतले तरच. पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, 32 न्यूटन-मीटर. तो मात्र चार-साडेचार हजार फेऱ्यांतच पुरा मिळे. शक्ती म्हणजे हा जोर गुणिले फेऱ्यांचा वेग. खडकाळ चढावर चाक सावकाश फिरतं. वरचा गिअर असला तर इंजिनही रेंगाळतं आणि शक्ती कागदावरच राहते. पहिला गिअर इंजिनाला पळू देतो आणि चाकावरचा जोर वाढवतो. बदल्यात वेग जातो. शिवाय ओल्यात फार पिळलं, तर चाक नुसता चिखल उडवतं!

साखळीच्या स्प्रॉकेटचंही तसंच. पुढे 13 दात, मागे 39, तर जोर तिप्पट. पुढे 12 दातांचं बसवलं तर सव्वातीन पट. हायवेवर मात्र इंजिन उगाच ओरडत राहतं.

भाचा आता पायथ्याशीच पहिला गिअर टाकतो. बहीण तिथेच उतरते आणि चालत वर येते.