लाकडातील गाठ

हिंगोलीहून वाशीमकडे जाऊ लागले, की जिल्ह्याच्या सीमेजवळ कनेरगाव नाका हे गाव लागते. येथे मराठवाडा सरतो आणि विदर्भ सुरू होतो. ह्या मुलखात शेताच्या बांधावर बाभूळ आणि अंगणात कडुनिंब हे नेहमीचे दृश्य. पूर्वी बाभळीच्या लाकडाचे नांगर, वखर आणि गाडीची चाके होत. ती घडविणाऱ्या सुताराला शेतकरी सुगीच्या वेळी बलुते म्हणून धान्य देत. आता लोखंडी अवजारे आली, तरी खुरप्याची मूठ आणि कुऱ्हाडीचा दांडा बहुधा लाकडाचाच असतो.

मुलांनो, सुताराने फळीवर रंधा मारला, की तिच्यावर कधी कधी एक गोल, काळसर गाठ दिसते. ही गाठ कोठून येते? झाडाला जेथे फांदी फुटते, तेथे फांदीचे बूड खोडाच्या आत शिरलेले असते. खोड जसजसे जाड होते, तसतसे ते बूड त्यात बुडत जाते. म्हणजे गाठ ही एका फांदीची खूणच होय. ती घट्ट व निकोप असेल, तर फळीचे फारसे बिघडत नाही. परंतु ती सडकी असेल, तर फळी नेमकी तेथेच मोडते. असे का होते, हे समजण्यासाठी झाड आपली जखम कशी सोसते, ते पाहिले पाहिजे.

आपले बोट कापले, तर काही दिवसांत तेथील कातडी पुन्हा सांधते. झाडाचे तसे नसते. सालीच्या आत एक अतिशय पातळ, सजीव थर असतो. तो आतल्या बाजूला नवे लाकूड व बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. जखम झालेले लाकूड झाडाला दुरुस्त करता येत नाही. ते त्या भागाभोवती जणू भिंत उभारते आणि कडेने नवे लाकूड वाढवून जखम झाकून टाकते. अमेरिकन शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असंख्य खोडे उभी चिरून हीच गोष्ट दाखवून दिली.

आता समजा, अंगणातील कडुनिंबाची एक जाड फांदी माळवदावर टेकली आहे व ती काढणे भाग आहे. ती खोडाला अगदी लागून कापली, तर खोडालाच मोठी जखम होते. लांब थोटूक ठेवले, तर ते वाळून कुजते आणि कूज आत उतरते. फांदीच्या बुडाशी एक फुगीर कडे असते. ते कडे झाडाकडे ठेवून त्याच्या लगेच बाहेर काप घ्यावा. जखम झाकण्याचे काम तेथूनच सुरू होते. जड फांदी एकदम वरून कापू नये. ती स्वतःच्या भाराने खचते आणि खोडाची साल सोलून नेते. म्हणून खोडापासून हात-दीड हात अंतरावर प्रथम खालून अर्धवट काप घ्यावा. मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदी खाली उतरवावी. शेवटी उरलेले थोटूक कड्यापाशी काढावे. कापावर डांबर फासल्याने सड थांबत नाही. झाडाला आपली जखम आपणच झाकू द्यावी. फांदीवर पक्ष्याचे घरटे असेल, तर पिले उडून जाईपर्यंत थांबावे. हे काम जाणत्या मोठ्या माणसांचे आहे; तुम्ही दूर उभे राहून ते नीट पाहावे.

उतरलेली फांदी चुलीत घालण्याची घाई करू नये. फांदी आडवी वाढते. आपला भार तोलण्यासाठी तिच्या वरच्या अंगाचे लाकूड ताणलेले असते. म्हणून वाळताना ती खोडाच्या लाकडापेक्षा अधिक वाकते. तिच्या फळ्या करण्यापेक्षा खुंटी, मूठ अशा लहान वस्तू कराव्यात. तुकडे उभे फोडून सावलीत, वारा लागेल असे रचावे व त्यांच्या टोकांना मेण लावावे. कारण टोकांतून पाणी फार झपाट्याने उडून जाते व चिरा पडतात. दर पंधरा दिवसांनी एक तुकडा तराजूत घालून वजन लिहून ठेवावे. वजन उतरण्याचे थांबले, की लाकूड वाळले असे समजावे. बाभळीचे लाकूड आपले सुतार आधी पाण्यात बुडवून ठेवतात. त्यामुळे त्यातील पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगेरा सहसा लागत नाही.

खुरप्याच्या मुठीसाठी गाठ नसलेला तुकडा निवडावा. लाकडाचे तंतू मुठीच्या लांबीने सरळ गेलेले असावेत. तंतू तिरपे गेले, तर मूठ जोर पडताच त्याच रेषेत फाटते. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली वाकसाने तासून, कानशीने घासून, शेवटी जवसाचे तेल पाजले, की ही मूठ आईच्या हाती वर्षानुवर्षे टिकेल.

महाराष्ट्रात 1964 च्या कायद्याने साग, मोह, चिंच, आंबा अशी झाडे परवानगीवाचून तोडण्यास बंदी आहे. कायदा झाड तोडणाऱ्याला अडवितो. परंतु फांदी कशी कापावी, हे ज्याच्या हाती करवत आहे त्यानेच जाणले पाहिजे. आज निष्काळजीपणे केलेला काप उद्या नव्या सालीआड दिसेनासा होईल. पण आतील सड वाढत राहील. मग एखाद्या वादळात ते पोकळ झाड घरावर कोसळेल, किंवा अनेक वर्षांनी एखाद्या सुताराच्या रंध्याखाली ती काळी गाठ उघडी पडेल. झाड तक्रार करीत नाही; पण आपण त्याच्याशी कसे वागलो, याची नोंद ते आपल्या अंगात जपून ठेवते.