पंख्याविना संगणक आणि गोंदियाचा मे महिना

चहा फार गरम असला की आजोबा काय करतात? बशीत ओततात! बशीत चहा पसरतो, हवेशी त्याचा जास्त संबंध येतो आणि तो चटकन निवतो. आता गंमत ऐका. संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, थंड ठेवायची सगळ्यात साधी युक्ती हीच आहे. फक्त इथली बशी अॅल्युमिनियमची किंवा तांब्याची असते आणि तिला खूप पात्या असतात. तिला म्हणतात हीटसिंक.

बहुतेक संगणकांत या हीटसिंकवर एक पंखाही बसवलेला असतो. संगणक सुरू केल्यावर 'घूंऽऽ' असा आवाज येतो ना, तो त्याचाच. हा पंखा काढून टाकला तर? संगणक एकदम मुका! रात्री ताई अभ्यास करते आहे, बाजूला आजी झोपली आहे, कुणालाच त्रास नाही. शिवाय पंखा बंद पडायची भीती नाही आणि तो धूळही आत ओढत नाही. गोंदिया म्हणजे धानाच्या गिरण्यांचा जिल्हा. गिरणीच्या आसपास कोंडा आणि तुसाची बारीक धूळ सतत उडत असते. ती हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसली की जणू गोधडीच! म्हणून आपल्याकडे पंख्याविना संगणक कामाचा. पण तो जपून बनवावा लागतो, बरं का. का ते पाहू.

वीज जाते कुठे?

गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्याला मोठं औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथे ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, म्हणजे एकूण ३,३०० मेगावॅट. कोळशाच्या उष्णतेपासून तिथे वीज होते. आणि हीच वीज संगणकात आली की काय होतं? तिची पुन्हा जवळजवळ सगळी उष्णताच होते! प्रोसेसर १० वॅट वीज घेत असेल, तर तो १० वॅटची उष्णता बाहेर टाकतो. तीही नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून. ती बाहेर पडली नाही, तर तापमान चढतच जाणार.

१९९० च्या सुमाराचे ४८६ जातीचे अनेक प्रोसेसर पंख्याविना, नुसत्या हीटसिंकवर चालत. १९९३ साली पेंटियम आला, वीज जास्त खाऊ लागला आणि पंखा हवाच झाला. त्या काळी अनेक शाळांत संगणकाच्या खोलीला एसी असे आणि मुलांना चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ आणि उष्णता, दोघींनाही दाराबाहेर ठेवायचं!

मोठ्या यंत्रांचं तर विचारूच नका. विदर्भातल्या अकोला जिल्ह्यात मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. त्याच 'परम' घराण्यातला 'परम ब्रह्म' २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत बसवला गेला. त्याचे प्रोसेसर थंड ठेवायला नळ्यांतून द्रव खेळवतात. उलट तुमच्या आईबाबांच्या खिशातला मोबाइल बघा. तोही संगणकच, पण पंखा नाही. कारण तो वीजच अगदी थोडी घेतो.

किती गरम म्हणजे फार गरम?

आपल्याला ताप १०२ फॅरनहाइट असला की आई घाबरते. प्रोसेसर मात्र काटक असतो. काम करताना तो ६० ते ७५ अंश सेल्सिअस असला तरी काळजी नको. ८० च्या वर सतत राहू लागला की लक्ष द्यायचं. घरगुती प्रोसेसरांची कमाल मर्यादा बहुधा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. पत्त्याएवढ्या रास्पबेरी पाय संगणकाची मर्यादा थोडी कमी आहे. तो ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करायला लागतो आणि ८५ ला आणखी.

मर्यादा ओलांडली तर धूर निघतो का? नाही. आजचे प्रोसेसर हुशार असतात. आधी ते हळू चालतात, म्हणजे उष्णता कमी होते. तरीही भागलं नाही, तर संगणक आपोआप बंद होतो. पण आजूबाजूचे भाग इतके काटक नसतात. हार्ड डिस्कला साधारण ६० अंशांपलीकडे सोसत नाही. म्हणून नुसता प्रोसेसर सांभाळून चालत नाही.

चला, गणित करू

समजा, आपली हीटसिंक अशी आहे की दर वॅटमागे प्रोसेसर खोलीपेक्षा ४ अंश जास्त तापतो. प्रोसेसर १० वॅटचा. म्हणजे तो खोलीपेक्षा ४० अंश गरम राहणार.

खोली २५ अंश असेल, तर प्रोसेसर ६५ अंश. छान!
खोली ३५ अंश असेल, तर ७५ अंश. चालेल.
खोली ४५ अंश असेल, तर ८५ अंश. सांभाळा!

संगणक तोच, हीटसिंक तीच, फरक फक्त खोलीचा. गोंदियात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत चढतो आणि हे तापमान सावलीतलं असतं. टिनाच्या छताखालची खोली तर त्याहूनही तापते. कवेलूंच्या घरात जरा बरं. पुस्तकात वाचून कुणी २५ अंशांचा हिशेब धरून संगणक बनवला, तर तो जानेवारीत पळेल आणि मे महिन्यात रांगेल. आणि दहावी-बारावीचे निकाल, प्रवेशाचे फॉर्म, सगळं येतं मे-जूनमध्येच!

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हीटसिंक कितीही मोठी असली तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. माठातलं पाणी हवेपेक्षा थंड होतं, कारण त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं. धातूला ती जादू येत नाही.

मग करायचं काय?

पहिला उपाय, कमी वीज खाणारा प्रोसेसर घ्या. वरच्या गणितात ५ वॅट धरा. ४५ अंशांच्या खोलीतही उत्तर येतं ६५!

दुसरा उपाय, हीटसिंक मोठी घ्या आणि तिच्या पात्या उभ्या ठेवा. गरम हवा वर चढते. पात्या उभ्या असल्या की तिला वाट मिळते आणि खालून थंड हवा येते.

तिसरा उपाय, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर लावा. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी मध्ये हवेच्या बारीक फटी राहतात. तांबं हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगलं उष्णता वाहून नेतं. म्हणजे ती इवलीशी फटसुद्धा केवढा अडथळा! पण पेस्ट लोण्यासारखी थापू नका. जाड थर उलट उष्णता अडवतो.

चौथा उपाय, संगणक बंद कपाटात कोंडू नका आणि त्यावर रुमाल किंवा प्लास्टिक घालून तो चालवू नका. कपाटातली हवा १० अंशांनी तापली, तर आपले ८५ चे ९५ होतात. आणि हो, त्यावर ओलं फडकं टाकणं किंवा त्याला फ्रिजमध्ये ठेवणं असले उद्योग अजिबात नकोत! पाणी आणि वीज यांचं सख्य नाही. कूलरने खोली गार केलीत तर उत्तमच, पण त्याचा ओला झोत संगणकावर थेट येऊ देऊ नका. संगणक उघडायचा असेल, तर प्लग काढून आणि मोठ्यांना सोबत घेऊनच.

करून पाहा

स्टीलचे दोन सारखे पेले घ्या. मोठ्यांच्या मदतीने दोन्हींत सारखंच गरम पाणी ओता. एक उघड्यावर ठेवा, दुसऱ्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. २० मिनिटांनी खोलीच्या किंवा प्रयोगशाळेच्या थर्मामीटरने दोन्ही मोजा. तापाचा थर्मामीटर वापरू नका हं, तो फुटेल! कोणतं पाणी जास्त गरम राहिलं? म्हणजे कपाटातल्या संगणकाचं काय होत असेल?

आणि आणखी एक काम. तुमच्या घरात संगणक ठेवायची जी जागा आहे, तिथलं तापमान दुपारी तीन वाजता आठवडाभर मोजून वहीत लिहा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावरून वरचं गणित सोडवा. उत्तर ८० च्या वर आलं, तर जागा बदलायची की हीटसिंक, ते घरच्यांबरोबर बसून ठरवा.