उंदराच्या खाद्यातले तेल आणि आपला चमचा

रत्नागिरीच्या घरात खोबरेल तेल नवे नाही. नवे आहे ते वजन उतरवण्यासाठी सकाळी उपाशीपोटी दोन चमचे तेल पिण्याचे वेड. ‘पोटाचा घेर कमी होतो, प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे’ असे मोबाइलवर आलेले वाक्य दाखवून रुग्ण डॉक्टरांनाच खात्री पटवू पाहतात. प्रयोग झाले आहेत, हे खरे. पण ते उंदरांवर झाले आणि त्यांत नेमके काय केले होते, हे त्या वाक्यात नसते.

लठ्ठपणाच्या संशोधनासाठी उंदरांची एक ठरावीक जात वापरतात. साध्या खाद्यावर हा उंदीर सडपातळ राहतो. तेलकट खाद्य दिले की काही आठवड्यांत सुटतो, रक्तातली साखरही वाढते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड सरविट यांनी १९८८ मध्ये हे दाखवून दिले. त्यांच्या नावाने आजही जे खाद्य प्रयोगशाळांना विकले जाते, त्यातल्या ५८ टक्के कॅलरी स्निग्ध पदार्थांतून येतात, आणि ते स्निग्ध म्हणजे मुख्यतः वनस्पती तुपासारखे घट्ट केलेले खोबरेल तेल! बाटलीतले ताजे तेल वेगळे, हे मान्य. तरी उंदीर लठ्ठ करायचा तर खोबरेल चालते, एवढे यावरून कळते.

मग ‘खोबरेलाने वजन घटते’ हे आले कुठून? २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. नर उंदरांच्या दोन गटांना ४० टक्के कॅलरी स्निग्ध पदार्थांतून मिळतील असे खाद्य दिले. एका गटाला मुख्यतः खोबरेल. दुसऱ्या गटात त्यातले निम्मे काढून सोयाबीन तेल. प्रयोग सुमारे ३५ आठवडे चालला. दोन-तीन वर्षे जगणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने हा काळ थोडा नव्हे. सोयाबीनवाल्यांचे वजन खोबरेलवाल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक वाढले. मात्र खोबरेलवाले उंदीरही साधे खाद्य खाणाऱ्यांपेक्षा जाडच झाले होते. बातमीतून नेमके हेच गळाले.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. त्या प्रयोगात एक तेल काढून त्याच्या जागी दुसरे घातले होते. नेहमीच्या खाद्यावर वरून चमचा ओतला नव्हता. आपल्याकडे आमटी, भाजी, माशाचे कालवण, नारळाचे वाटप सगळे तसेच चालू राहते आणि तेल वर चढते. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे २४० कॅलरी, जवळपास दोन-अडीच चपात्या. महिन्याचा हिशेब ७,२०० कॅलरींचा होतो.

विक्रेत्यांचा दुसरा आधार म्हणजे ‘मध्यम साखळीची मेदाम्ले’. ती यकृतात लवकर जळतात, हे बरोबर. पण ज्या प्रयोगांत माणसांचे वजन थोडे घटले, त्यांत खास बनवलेले, जवळजवळ शुद्ध असे मध्यम साखळीचे तेल वापरले होते. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते आणि ते शरीरात बरेचसे लांब साखळीच्या मेदाम्लांसारखे वागते. माणसांवरच्या १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने वजनावर किंवा चरबीवर लक्षणीय फरक पडला नाही; एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल मात्र सरासरी १० मिलिग्रॅमने वाढले. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, त्यांनी तरी हा प्रयोग स्वतःवर करू नये. तेल सुरू केले म्हणून मधुमेहाची गोळी सोडणारेही भेटतात. ते तर धोक्याचेच.

प्राण्यांतले यश माणसात उतरत नाही याचा एक दाखला कोकणाला जवळचा आहे. रातांब्यात असलेल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाने उंदरांची भूक आणि वजनवाढ कमी झाल्याचे १९७०च्या दशकात दिसले होते. पुढे रातांब्याच्याच भाऊबंदातल्या, केरळात आमसुलासारख्या वापरल्या जाणाऱ्या फळाच्या अर्काची १३५ स्थूल माणसांवर १२ आठवडे चाचणी झाली. १९९८ मध्ये निकाल आला: अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले, आणि औषध नसलेल्या नकली गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. सोलकढी चवीसाठी खुशाल प्यावी.

खोबरेल घरातून हद्दपार करण्याचे कारण नाही. ते फोडणीला वापरले तर दुसरे तेल तेवढे कमी करावे, आणि ज्या दिवशी वाटप अधिक त्या दिवशी फोडणी आखूड. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या २,००० कॅलरींच्या आहारात दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम बसते. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. वाण्याची यादी काढून आपल्याकडे किती येते ते पाहता येईल. गणपतीचा महिना सोडून.