कष्टकऱ्याची गाढ झोप राखू या

पुणे शहर झोपी जाते तेव्हा मार्केट यार्डात भाजीपाल्याच्या गाड्या येऊ लागतात. रात्रभर पोती वाहून हमाल सकाळी घरी आडवा होतो आणि आपणच त्याला म्हणतो, "दिवसाढवळ्या काय झोपतोस?" समाजबांधवांनो, हा आळस नव्हे.

झोपेच्या पहिल्या काही तासांत गाढ झोप सर्वाधिक असते. तेव्हा नाडी व श्वास संथ होतात, वाढीचे संप्रेरक स्रवते, झिजलेल्या स्नायूंची दुरुस्ती होते. मेंदूही शिकलेले पक्के करतो. ही झोप वारंवार मोडली तर अंग भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर 2007 साली शरीराचे घड्याळ बिघडविणारी रात्रपाळी कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरविली.

1969 च्या माथाडी कायद्याने हमालांच्या रोजगाराला व कल्याणाला आधार दिला. घरातल्या झोपेचे रक्षण मात्र घराने आणि वस्तीनेच करायचे आहे. खिडकीला जाड चादर लावावी, टीव्हीचा आवाज कमी ठेवावा, दुपारी लाऊडस्पीकर बंद असावा. दारूने झोप चटकन लागते, पण पुढे ती मोडते. पाचवे शील इथेही तारक आहे.

आणि पहाटे माल घ्यायला यार्डात जाणारी आपली भाजीवाली भगिनी? घरात सर्वांत शेवटी तीच निजते. रात्रीची भांडी पुरुषांनी घासली, तर तिला तासभर झोप मिळेल. समतेची सुरुवात आपण तिथून करू या.